काळं तेल, करडी राख

गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकलेला जळक्या ऑइलचा ड्रम कुठल्याही गावात दिसतो. सेंटरिंगवाले त्यातलं डबाभर पाट्यांना फासायला नेतात, कुणी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून. बॉयलर चालवणाऱ्याचा हिशेब निराळा: किलोमागे सुमारे 10,000 किलोकॅलरी, म्हणजे फर्नेस ऑइलच्या तोडीस तोड आणि भाव कमी.

हिशेब बरोबर आहे, पण अर्धा.

मुरलेला अटेंडंट आधी पाणी शोधतो. तापलेल्या पत्र्यावर एक थेंब टाकायचा. मुकाट पसरला तर ठीक, तडतडला तर पाणी आहे. तसंच तेल पेटवलं तर ज्योत फडफडते, मधेच विझते. भट्टी विझलेली आणि तेलाचा फवारा चालूच, यापरती धोक्याची वेळ नाही. म्हणून ड्रम काही दिवस निवळू द्यायचा, तळातलं पाणी नि गाळ सोडून द्यायचा, वरचं तेल गाळून घ्यायचं आणि बर्नरला देण्याआधी तापवून पातळ करायचं. थंड, घट्ट तेलाचे थेंब जाड पडतात आणि चिमणी काळा धूर ओकते. त्यातच कुणी पार्ट धुतलेलं पेट्रोल ड्रममध्ये ओतलं असेल, तर तापवतानाच भडका. तेल कुठल्या गॅरेजचं, हे खोदून विचारणारा अटेंडंट कटकट्या वाटतो, कसबी तोच.

ज्योत नीट लागली तरी सुटका नाही. झीज आणि मळ रोखण्यासाठी तेलात मुद्दाम घातलेलं झिंक, फॉस्फरस, कॅल्शियम आणि इंजिनातून घासून आलेलं लोखंड, तांबं भट्टीत नाहीसं होत नाही. त्याची करडी राख फायर ट्यूबमध्ये बसते, उरलेली गावावर. राखेचा थर पाण्यापर्यंत उष्णता पोचू देत नाही. चिमणीतल्या वायूंचं तापमान 22 अंशांनी चढलं, की साधारण एक टक्का कार्यक्षमता गेली. त्यामुळे जाणत्याचा डोळा ज्योतीइतकाच चिमणीच्या थर्मामीटरवर असतो. काटा चढला की बॉयलर बंद, मास्क बांधायचा आणि ट्यूबमधून ब्रश फिरवायचा.

हे तेल जाळायला कायद्याच्याही अटी आहेत. अमेरिकेत गॅरेजवाल्याला स्वतःकडचं तेल ताशी 5 लाख बीटीयूपर्यंतच्या हीटरमध्ये जाळता येतं, धूर बाहेर सोडायच्या अटीवर. आपल्याकडे 2016 च्या घातक कचरा नियमांत हे तेल येतं. ते परवानाधारकाकडेच जायला हवं. तिथे ते पुन्हा शुद्ध करून बेस ऑइल काढता येतं, कारण इंजिनात मूळ तेल फारसं संपत नाही, मळतं. 1 एप्रिल 2024 पासून तर वंगण बनवणाऱ्यांवरच या पुनर्वापराची जबाबदारी आली आहे. भिंतीपाशच्या ड्रमला आता दुसरं गिऱ्हाईकही आहे, आणि बॉयलरवाल्याला जुन्या भावात तो मिळेलच असं नाही.