वरचं बिऱ्हाड

पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या विमानतळांवर हँगरचं भाडं जमिनीच्या मापानं द्यावं लागतं. वरच्या हवेचे पैसे कोणी मागत नाही. खाली रोजच्या वापरातलं, धातूचं पायपर चेरोकी विमान उभं असतं आणि त्याच्या डोक्यावर साखळ्यांना टांगलेलं पायपरचंच जुनं विमान, पिवळा जे-थ्री कब. बर्फ पडायच्या आधी तो वर जातो, उन्हाळ्याची चाहूल लागली की उतरतो. एका भाड्यात दोन बिऱ्हाडं.

वर जाण्याजोगा तोच आहे. रिकाम्या कबचं वजन अवघं ३४७ किलो. पंखांचा पसारा पावणेअकरा मीटर असला, तरी आत सगळा वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर ताणून बसवलेलं कापड. बसायला दोघांनाच जागा, तीही एकापाठोपाठ एक, आणि एकट्यानं उडवायचं तर मागच्या जागेवर बसायचं, नाहीतर तोल जातो. पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या पुढ्यात, १२ गॅलनची. किती उरलं हे सांगायला झाकणातून बाहेर आलेली एक तार. तिच्या खालच्या टोकाला बुचाचं लाकूड तरंगतं. पेट्रोल संपत जातं तशी तार खाली बुडत जाते. बिघडायला त्यात काहीच नाही. बॅटरी नाही, स्टार्टर नाही. असा कमी सामानाचा बिऱ्हाडकरू माळ्यावर पाठवायला सोपा.

जन्म याच राज्यातला. कंपनीचा ब्रॅडफर्डचा कारखाना १९३७ मध्ये जळाला, तेव्हा मालक विल्यम पायपर यांनी लॉक हेवनच्या एका बंद पडलेल्या रेशीम गिरणीत नवा संसार मांडला. १९३८ ते १९४७ या काळात जवळजवळ वीस हजार जे-थ्री बाहेर पडले. अमेरिकेतल्या कितीतरी वैमानिकांनी पहिली भरारी याच्यात घेतली. दुसऱ्या महायुद्धात हिरवा रंग चढवून त्यानं तोफखान्याला नेम सांगण्याचं काम केलं. (आपल्या फ्लाइंग क्लबांमध्ये एके काळी असलेला एचएएलचा 'पुष्पक' त्याचा सख्खा नव्हे, पण त्याच चालीचा: वर पंख, कापडी अंग, दोन जागा.) आता कब म्हातारा आहे आणि मालकाला प्यारा. थंडीवाऱ्यात बाहेर बांधून ठेवायला जीव धजत नाही, आणि दुसरा हँगर घ्यायला खिसा धजत नाही.

त्याला धरायचं कुठे, हा खरा प्रश्न. उडताना पंख वर असतात आणि धड त्यांना लोंबकळत असतं. पंखाखालच्या तिरक्या टेकूंना तेव्हा ताण बसतो. चाकांवर उभा राहिला की उलटं होतं: पंख खाली झुकू पाहतात आणि तेच टेकू त्यांना खालून रेटून धरतात. म्हणून टेकू पंखाला जिथे जोडलेले असतात तिथे पट्टे घातले, तर टांगलेल्या कबच्या अंगातून भार बराचसा आकाशातल्याच वाटेनं जातो. जमिनीवर उभा राहण्यापेक्षा हे त्याच्या सवयीचं आहे. बहुतेक लोक मात्र धडाच्या माथ्यावर, पुढच्या वाशाच्या जोडापाशी दोन पट्टे घेतात आणि तिसरा शेपटीच्या चाकाजवळ. वजनाचा मध्य पंखाखालीच असल्यानं जवळपास सगळा बोजा पुढच्या दोघांवर येतो. शेपटीला नुसता तोल सांभाळायचा, आणि शेपूट तर एक माणूसही हातानं उचलतो.

विमानाची काळजी करणाऱ्यांची मला गंमत वाटते. भरल्या वजनानं, म्हणजे ५५३ किलोनं, साठ अंश कलून उंची न सोडता वळण घेतलं, तर या पंखांवर अकराशे किलोंहून जास्त भार येतो. टांगण्याचे ३४७ किलो त्याच्या खिजगणतीत नाहीत. नळ्या आतून गंजलेल्या नसल्या म्हणजे झालं. काळजी करावी ती छपराची. हँगरच्या कैच्यांचा हिशेब वारा आणि बर्फ धरून केलेला असतो, म्हणजे सगळीकडे पसरलेल्या भाराचा. खालच्या आडव्या पट्टीच्या मधोमध आकडा ठोकून विमान लटकवणं त्या हिशेबात बसत नाही. भार सांध्यावर यायला हवा, आणि तोही आडवी तुळई टाकून दोनतीन कैच्यांत वाटलेला. त्यातून कब वर असतो नेमका हिवाळ्यात, जेव्हा छपरावर फूटभर बर्फ आधीच बसलेलं असतं. दोन्ही पाहुणे एकाच मोसमातले. तेव्हा आधी इंजिनियरला विचारायचं, मग विंच विकत घ्यायचं. हा क्रम उलटा करणारे बरेच.

विंच उचलण्यापुरतं. विमान वर गेलं की सगळा भार जाड साखळ्यांवर द्यायचा आणि विंचचा दोर सैल सोडायचा. महिनोन्‌महिने ब्रेकच्या भरवशावर ठेवायचं नाही. नायलॉनचा दोर तर नकोच, तो हळूहळू लांबत राहतो. पेट्रोल आधी काढून टाकायचं.

खालच्या बिऱ्हाडाची तक्रार मात्र ठरलेली: वरून तेल गळतं. कॉन्टिनेंटलची ही जुनी इंजिनं थेंब टाकतातच, आणि थेंब पडतो तो चेरोकीच्या नव्या रंगावर. म्हणून इंजिनाखाली पत्र्याची परात बांधायची. चेरोकीची शेपूट सव्वादोन मीटर उंच, कब स्वतः दोन मीटर; छप्पर पाच मीटरच्या खाली असेल तर हा संसार जमणार नाही. ज्यांचं छप्पर बुटकं ते पंख सोडवून भिंतीला लावतात. मला ते पटत नाही. परत जोडताना पंखांचे कोन आणि सगळ्या तारा नव्यानं लावून तपासाव्या लागतात आणि त्यात अख्खा वसंत जातो.

वर राहिल्याचे फायदेही आहेत. टायर एका जागी दबून चपटे होत नाहीत. उंदरांना पंखात घरटं करणं कठीण जातं; त्यांच्या मुतानं धातू कसा खाल्ला जातो हे एकदा पाहिलेला मालक ते विसरत नाही. अंधारात कापड टिकतं, कारण कापडाचा वैरी ऊन. पण बंद इंजिनाचं काही भलं होत नाही. आतलं तेल ओघळून जातं, सिलिंडरच्या भिंती उघड्या पडतात आणि गंज चढतो. त्यासाठी साठवणीचं तेल भरायचं आणि स्पार्क प्लगांच्या जागी सिलिका जेलचे प्लग लावायचे. निळ्याचे गुलाबी झाले की ओल आली समजून बदलायचे, म्हणजे शिडीवर चढणं आलंच. इंजिनापुढचा लाकडी पंखा आडवा ठेवायचा. उभा राहिला तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि दोन पाती सारख्या वजनाची राहत नाहीत.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात वैमानिक लिंडबर्ग यांचं विमान १९२८ मध्ये छताला टांगलं गेलं आणि लोक आजही मान वर करून त्याच्याकडे बघतात. कबला तो मान नको. स्मिथसोनियनमधलं विमान उडण्याचं थांबलं म्हणून वर गेलं. हा पुन्हा उडायचा म्हणून वर आहे.

एप्रिलात उतरवायचं तर आधी चेरोकीला बाहेर ढकलावं लागतं. तेल बदलायचं, प्लग परत बसवायचे, पट्ट्यांखालचं कापड हातानं चाचपायचं, टाकीत बारा गॅलन ओतायचे. चेरोकीची बॅटरी थंडीनं उतरलेली असते आणि मालक चार्जर शोधत फिरत असतो. कबच्या चाकांना अडण लावलेली, आत एक जण ब्रेक दाबून बसलेला, बाहेर दुसरा पंखा हातानं फिरवतो. दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला तो सुरू होतो.