टेकडीवरचा सोबती

आपल्या इतवाऱ्यापासून असीरगड सुमारे २० किलोमीटर. तिकडच्या सातपुड्यातील कच्च्या वाटांवर आम्ही तिघे मोटारसायकलने हिंडतो. मोबाइलला रेंज नसते, म्हणून जवळ वॉकीटॉकी. ४४६ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे संच भारतात २०१८ पासून विनापरवाना वापरता येतात. पण या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात; मध्ये डोंगर आला की आवाज तुटतो.

एकदा नाल्यात माझी गाडी घसरली, पाय खाली अडकला. पुढच्या मित्राला हाक पोहोचेना. टेकडीवर थांबलेल्या तिसऱ्याने ती ऐकून पुढे कळवली. दोघे धावत आले.

या यंत्रात बटण दाबून बोलताना दुसऱ्याचे ऐकू येत नाही. म्हणून आता आमचा नियमच आहे: एकाने उंचावर थांबायचे, आणि बोलून झाले की बटण सोडायचे!