अलिबागचा पाऊस



आमचा धाकटा भाऊ १९८८ साली हिशेबनिसाच्या नोकरीवर दुबईला गेला. त्याच्या सहा वर्षे आधी आम्ही उभयता ठाणे सोडून अश्दोदला आलो होतो. दोघे भाऊ परदेशी, पण एकमेकांना हाक मारण्याची सोय नाही. त्या काळी दुबईहून इस्राएलला फोन लागत नसे, सरळ टपालही नव्हते. आमचे पत्र अश्दोदहून ठाण्याला आक्काकडे जाई. आक्का ते दुसऱ्या पाकिटात घालून दुबईला पाठवी, आणि त्याआधी पत्रात जिथे जिथे 'इस्राएल' शब्द असेल तिथे तिथे शाई फिरवी. फोनवर तर आमचे नावच बदलले होते. आम्ही "अलिबागची मंडळी" झालो होतो. १९९१ साली सद्दामची स्कड क्षेपणास्त्रे इस्राएलवर पडत होती आणि आम्ही मुलांना घेऊन बंद खोलीत बसत होतो, तेव्हा दुबईहून तो आक्काला विचारी, "अलिबागला पाऊस कसा आहे?" आक्का सांगे, "पाऊस आहे, पण घर गळत नाही." एवढ्यावर तो झोपायला जाई.

ही हकीकत आमच्या घरी सणावारी हसत हसत सांगितली जाते. आम्हीही पुष्कळ वर्षे हसलो. पण अलीकडे एक प्रश्न मनात येतो. असे बोला, असे बोलू नका, हे त्याला सांगितले कोणी? कोणीच नाही. त्याला कधी कोणी अधिकाऱ्याने बोलावले नाही, त्याचे एकही पाकीट उघडलेले आले नाही. फोन कोणी ऐकत होते की नाही, हे त्याला आजही ठाऊक नाही. तरी बत्तीस वर्षे त्याने सख्ख्या भावाच्या गावाचे नाव तोंडातून काढले नाही. देशाच्या सुरक्षिततेसाठी सरकारने प्रजेवर किती नजर ठेवावी आणि माणसाचे स्वातंत्र्य कुठवर जपावे, हा वाद वर्तमानपत्रांत आपण वाचतो तेव्हा तो वकिलांचा आणि पुढाऱ्यांचा वाटतो. आमच्या घरात तो या पावसाच्या रूपाने शिरला होता.

ऑगस्ट २०२० मध्ये अमिरातीने इस्राएलच्या फोनची वाट मोकळी केली. त्याच महिन्यात १९७२ सालचा बहिष्काराचा कायदा रद्द झाला आणि १५ सप्टेंबरला वॉशिंग्टनला करारावर सह्या झाल्या. पुढे विमानेही सुरू झाली. २०२३ च्या वसंतात, पेसाहचा सण उरकल्यावर, आम्ही दुबईला गेलो. ठाण्याहून आक्का आली. तिन्ही भावंडे इतक्या वर्षांनी एका टेबलाशी बसली. भावजयीने नारळाच्या दुधातली आमटी केली होती. जेवणापूर्वी ब्राखा म्हणताना भावाने सवयीने खिडकी लावून घेतली, मग स्वतःशीच हसून पुन्हा उघडली.

दुसऱ्या दिवशी अबुधाबीच्या सादियात बेटावर गेलो. तिथे एकाच आवारात मशीद, चर्च आणि सिनेगॉग उभे आहे. सिनेगॉगला मोशे बेन मैमोन म्हणजे आपल्या रांबामचे नाव दिले आहे. शेजारची मशीद पाहून आक्का म्हणाली, "आपले वाडवडील आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत." दारात तपासणी झाली, आत रक्षक होते, डोक्यावर कॅमेरे होते. आणि खरे सांगायचे तर त्या कॅमेऱ्यांखाली आम्हांला फार निर्धास्त वाटले. रात्री दहा वाजता आक्का गळ्यातली साखळी तशीच ठेवून समुद्रकाठी फिरली. "असे ठाण्याला जमेल का?" असे ती दोनदा म्हणाली.

निर्धास्तपणाची किंमत आपल्या समाजाला सांगावी लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र कोण विसरेल? कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये राब्बी गाव्रिएल होल्त्सबर्ग, त्यांची पत्नी रिवका आणि आणखी चार यहुदी मारले गेले. त्याआधी डेव्हिड हेडली नावाचा माणूस मुंबईत येऊन ही ठिकाणे पाहून गेला होता आणि त्याच्यावर कोणाची नजर पडली नाही. हल्ला चालू असताना हल्लेखोर पाकिस्तानातल्या आपल्या सूत्रधारांशी फोनवर बोलत होते. ते बोलणे पोलीस ऐकत होते, आणि पुढे खटल्यात तोच पुरावा झाला. ते फोन आठवडाभर आधी कोणी ऐकले असते तर, असे प्रत्येकाच्या मनात येते. तेव्हा चोरून ऐकणे सदैव वाईटच, असे आम्ही म्हणणार नाही. म्हणणाऱ्याने आधी त्या इमारतीसमोर जाऊन उभे राहावे.

भावाचा पक्ष हाच. तो दुबईच्या कॅमेऱ्यांचे कौतुक सांगत होता. १९ जानेवारी २०१० रोजी दुबईच्या एका हॉटेलात हमासचा महमूद अल-मबहूह मारला गेला. पोलीसप्रमुख दाही खल्फान यांनी विमानतळ, हॉटेले आणि लिफ्ट येथली चित्रे जोडून महिन्याच्या आत अकरा संशयितांचे चेहरे साऱ्या जगाला दाखवले. पुढे संख्या वाढत गेली. त्यांची पारपत्रे ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियाची होती. पण त्यांतली कित्येक नावे खरोखरीच्या माणसांची निघाली. ब्रिटनहून अलिया करून इस्राएलात राहणारी साधी माणसे सकाळी उठतात, तो वर्तमानपत्रात आपलेच नाव आणि वर दुसऱ्याचा चेहरा! इस्राएलने या कृत्याची जबाबदारी घेतली नाही आणि नाकारलीही नाही. ब्रिटनने मात्र त्यावरून एका इस्राएली मुत्सद्द्याला परत पाठवले.

भाऊ म्हणाला, "दादा, ती बातमी वाचून माझे हातपाय गार पडले. तुमचे नाव असते तर?" आमचे पारपत्र भारतीय नाही म्हणून आम्ही सुटलो, एवढेच. पण प्रश्न राहतोच. नावे कोणीही वापरलेली असोत, ज्यांची ती होती त्यांना विचारले कोणी? माणूस देश बदलतो, भाषा बदलतो, तेव्हा बापाने ठेवलेले नाव एवढीच वस्तू तो बरोबर नेतो. सुरक्षिततेच्या नावाखाली तीही उसनी घेतली जाते, आणि परत मिळते तेव्हा तिच्यावर डाग असतो.

आता दुसऱ्या माणसाची गोष्ट. अहमद मन्सूर हे अमिरातीचे नागरिक, अभियंता आणि कवी, चार मुलांचे वडील. लोकांच्या हक्कांविषयी लिहीत, बोलत. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांच्या आयफोनवर दोन निरोप आले: तुरुंगात कैद्यांचा छळ होतो त्याची नवी माहिती हवी असल्यास येथे बोट लावा. मन्सूर यांना शंका आली. त्यांनी बोट लावले नाही आणि ते निरोप टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधनसंस्थेकडे पाठवले. तिथल्या लोकांनी शोधून काढले की बोट लावले असते तर फोनच हेर झाला असता; मायक्रोफोन, कॅमेरा, पत्रे, सगळे दुसऱ्याच्या हाती गेले असते. हे यंत्र पेगॅसस, आणि ते बनवणारी एन.एस.ओ. ही कंपनी हर्झलियाची. यामागे अमिरातीचेच सरकार असावे, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. ॲपलला घाईघाईने फोनची दुरुस्ती पाठवावी लागली. मार्च २०१७ मध्ये मन्सूर यांना अटक झाली आणि २०१८ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. कारण सांगितले, त्यांनी लिहिलेल्या मजकुराने राज्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागला. २०२४ साली दुसऱ्या खटल्यात आणखी पंधरा वर्षे झाल्याचे मानवी हक्क संघटना सांगतात.

कंपनी म्हणते, आम्ही केवळ सरकारांना विकतो आणि केवळ गुन्हेगार व अतिरेकी पकडण्यासाठी. अशा मालाच्या निर्यातीला आमच्या देशाच्या संरक्षण खात्याचा परवाना लागतो. वाचकहो, जरा साल पाहा. २०१६. त्या साली आमच्या भावाचा आवाज दुबईहून अश्दोदला येऊ शकत नव्हता. 'इस्राएल' म्हणायला तो घाबरत होता. आणि अश्दोदपासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या हर्झलियाचे यंत्र मात्र अमिरातीतल्या एका बापाच्या खिशापर्यंत पोचले होते. भावंडांना बंद असलेली वाट हेरगिरीला उघडी होती.

हे आम्ही जेवणानंतर बोललो तेव्हा भाऊ काही वेळ गप्प बसला. मग त्याने आपली एक गोष्ट सांगितली. अमिरातीत व्हॉट्सॲपवर बोलता येत नाही. निरोप जातात, आवाज जात नाही. २०१९ साली तिथे टोटॉक नावाचे ॲप निघाले. फुकट, स्वच्छ चित्र. भावजय रोज संध्याकाळी त्यावर ठाण्याच्या नातवंडांना जेवू घाली; म्हणजे समोर बसून "एक घास अजून" म्हणे. त्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने छापले की हे ॲप म्हणजे अमिरातीच्या हेरखात्याचा कान आहे. कंपनीने ते नाकारले, पण गूगल आणि ॲपल यांनी ते आपल्या दुकानांतून काढून टाकले. "आम्ही काय बोलत होतो? वरणभात!" भाऊ म्हणाला. "ऐकणाऱ्याला काय मिळाले असेल?" भावजय मात्र चिडली होती. ती म्हणाली, "त्यांना काय मिळाले ते सोडा. माझे नातवंडांशी बोलणे ते माझे होते."

आम्हांला वाटते, या वादातले सर्वांत खरे वाक्य ते. "आम्ही काही वावगे करीत नाही, मग भ्यावे कशाला?" असे पुष्कळ लोक म्हणतात. आमच्या शास्त्राचे म्हणणे निराळे आहे. ताल्मूदच्या बाबा बात्रा या भागात शेजाऱ्यांच्या सामायिक अंगणाचा विचार केला आहे. तिथे दुसऱ्याच्या घरात पाहणे हीच एक इजा मानली आहे, मग पाहणाऱ्याच्या मनात काही असो वा नसो. म्हणून अंगणाला भिंत घालायची, आणि खिडकी शेजाऱ्याच्या खिडकीसमोर उघडायची नाही. बलाम शाप द्यायला आला आणि आशीर्वाद देऊन गेला, त्याचे कारण आपल्या राब्बींनी हेच सांगितले की इस्राएलाच्या तंबूंची दारे समोरासमोर नव्हती. आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी माइंत्सच्या राब्बेनू गेर्शोम यांनी दुसऱ्याचे पत्र परवानगीवाचून वाचणाऱ्यावर बहिष्कार घातला, असे परंपरा सांगते. त्या काळी पत्रे व्यापाऱ्यांच्या हाती देऊन पाठवीत. आमची आक्का ऐंशीच्या घरात आहे. तिने तेहतीस वर्षे आमची पत्रे पुढे धाडली. शाई फिरवण्यापुरतेच त्यांत पाहिले, बाकी कधी वाचले नाही म्हणते. आमचा तिच्यावर विश्वास आहे.

मग करायचे काय? पहारा नको असे म्हणवत नाही. आम्ही दुबईहून परतल्यावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, अमिरातीतल्या खबाद संस्थेचे तरुण राब्बी त्स्वी कोगान यांना पळवून ठार मारले. काही दिवसांतच आरोपी पकडले गेले आणि मार्च २०२५ मध्ये तिघांना देहदंड व चौथ्याला जन्मठेप सुनावली गेली. भावाने त्या दिवशी फोन करून एवढेच विचारले, "आता बोला, नजर हवी की नको?" आम्ही म्हणालो, हवी. पण नजर ठेवणाऱ्याला तीन प्रश्न विचारण्याची सोयही हवी. कोणाच्या लेखी हुकमाने? किती दिवस? आणि चूक झाली तर दाद कुठे मागायची?

हे केवळ बोलण्यापुरते नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली फोन ऐकण्याविषयी निकाल देताना हेच बंधन घातले. हुकूम गृहसचिवाचा हवा, तो दोन महिन्यांपुरता, एकंदर सहा महिन्यांवर नाही, आणि समितीने तो तपासला पाहिजे. २०१७ साली त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. इस्राएलात मार्च २०२० मध्ये करोनाचे रुग्ण शोधण्यासाठी शबाक या गुप्तचर खात्याला लोकांच्या फोनचा माग काढू दिला. पुढच्याच महिन्यात आमच्या उच्च न्यायालयाने सांगितले की क्नेसेटने कायदा केल्याशिवाय हे चालू ठेवता येणार नाही. दोन्ही देशांत हे नियम मोडले जात नाहीत असे नाही. पण मोडले तर दार ठोठावता येते. अहमद मन्सूर यांना ठोठावण्यासाठी दार नव्हते.

आपण लहान समाज. राज्याच्या छत्राखाली सुरक्षित राहणे एवढेच आपण पिढ्यान्‌पिढ्या मागितले, आणि कोकणात ते आपल्याला मिळाले. म्हणून पहारेकऱ्याला प्रश्न विचारणे आपल्या जिवावर येते. पण आपल्या दारावरचा पहारा शेजाऱ्याच्या घरात डोकावू लागला, तर त्याचा दोष आपल्यालाही लागतो. आणि ते यंत्र आपल्या गावात घडत असेल, आपली मुले तिथे नोकरीला असतील, तर शब्बाथच्या जेवणाला त्यांना एकदा तरी विचारावे, "बाळा, हे कोणाला विकता?"

भाऊ आता निवृत्त होऊन ठाण्याला राहतो. फोन रोज येतो, तोही फुकट, चित्रासकट. जून २०२५ मध्ये इराणची क्षेपणास्त्रे येत होती आणि आम्ही आसऱ्याच्या खोलीत होतो. पडद्यावर त्याचा चेहरा दिसला. वाटेल ते बोलायची मोकळीक होती. त्याने विचारले, "अलिबागला पाऊस कसा आहे?"

आम्ही सांगितले, "पाऊस आहे, पण घर गळत नाही."

एलियाहू हन्नाबी सर्वांच्या घरांचे रक्षण करो.