तुटलेला धागा

सोलापूर हे मागांचे गाव. तेथील एका विणकराच्या मुलाने सुटे भाग जोडून घरीच संगणक तयार केला. पण यंत्र मोठे लहरी निघाले! काम रंगात यावे, तोच पडदा काळा व्हावा आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावा. मुलाने धाकट्या बहिणीवर आळ घेतला, "तूच कळ दाबतेस!" ती बिचारी रडू लागली.

वडील म्हणाले, "बाळ, धागा तुटला की विणकर कोणावर रागावत नाही. माग थांबवून तुटलेले टोक शोधतो."

मुलगा वरमला. हार्वर्ड विद्यापीठात १९४७ साली संगणकात अडकलेला पतंग सापडला, तेव्हा तंत्रज्ञांनी तो नोंदवहीतच चिकटविला, हे त्याने वाचले होते. त्यानेही वही केली. एका वेळी एकच बदल करावयाचा, तोही वीज तोडून, असा नेम धरला. पंख्यात अडकलेले सुताचे तंतू काढले, दोष कायम. मेमरीची पट्टी बदलली, दोष कायम. वही मात्र सांगत होती, की काम जड असले म्हणजेच दोष उद्भवतो. मग त्याने मित्राकडून पॉवर सप्लायची पेटी आणली. घरातील २३० व्होल्टची वीज १२, ५ व ३.३ व्होल्टवर उतरवून देणारी ती ही पेटी. आठ दिवस संगणक अखंड चालला. जुनी पेटी जोडताच पुन्हा तोच प्रकार! भार वाढला की तिचा विद्युतदाब क्षणभर ढासळत असे.

मुलाने वही बहिणीपुढे ठेवली. "दोष पेटीचा होता," तो म्हणाला, "आणि माझाही."