पंखा बंद कर, खिडकी उघड

केळवे, तालुका पालघर
आश्विन महिना

प्रिय बाळ,


परवा रात्री तुझा फोन आला, "मावशी, घरात वटवाघूळ शिरलंय, ह्यांनी झाडू उचललाय." मागे लेकीचं रडणं ऐकू येत होतं. त्या गडबडीत सुचलं तेवढं सांगितलं आणि ते जिवंत बाहेर गेलं हे कळल्यावर मला झोप लागली. पण काल तुझा निरोप आला की सोसायटीत आता पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं चाललंय आणि सासूबाई शांती करून घ्या म्हणतात. म्हणून सविस्तर लिहिते आहे. तू वाच, जावईबापूंना दे, आणि जमलं तर सोसायटीच्या मीटिंगमध्येही वाचून दाखव.

तुझ्याकडे आलेलं जनावर अंगठ्याएवढं आणि काळपट तपकिरी होतं. म्हणजे ती किडे खाणारी पाकोळी. तिचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. चिकूवर येणारी मोठी वटवाघळं वेगळी, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. ही पाकोळी रक्त पीत नाही, धान्याला तोंड लावत नाही, वायर कुरतडत नाही. संध्याकाळी बाहेर पडते, उडता उडता किडे पकडते आणि पहाटे एखाद्या फटीत जाऊन लटकते.

ती तुमच्या घरात का आली, त्याचं उत्तर तुमच्या खिडकीबाहेरच आहे. तुमच्या बोईसरला एमआयडीसीच्या शेडांना आणि नव्या इमारतींना लागून अजून भातखाचरं आहेत. आश्विनात भात पोटरीतून बाहेर येतं, पिवळं पडू लागतं आणि तुडतुडे हजारोंनी दिव्यावर झेपावतात. दिवाळीच्या तोंडावर ट्यूबलाइटखाली पडलेला हिरवा थर तू लहानपणी आमच्या ओट्यावर झाडलेला आहेस. पावसाच्या सुरुवातीला असेच वाळवीचे पंखवाले किडे येतात. किडे दिव्यामागे आणि पाकोळी किड्यांमागे. तुमच्या गॅलरीतला दिवा चालू, सरकती खिडकी उघडी. किड्याचा पाठलाग करता करता ती आत आली. एखादं नुकतं उडायला शिकलेलं पिल्लूही असं चुकतं. तिच्या येण्यात याहून दुसरा अर्थ नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, देवापुढे दिवा जरूर लावा, पण भीतीपोटी नको.

आता पुन्हा असं झालं तर काय करायचं ते नीट लक्षात ठेव.

सगळ्यात आधी छताचा पंखा बंद कर. आपल्याकडे घरात शिरलेल्या पाकोळीला खरा धोका पंख्याचा, कारण खोलीत कोंडलेली पाकोळी छताखालीच गोल गोल फिरते. मग लेकीला आणि सासूबाईंना दुसऱ्या खोलीत ने आणि मधलं दार लावून घे. म्हणजे ती घरभर फिरणार नाही. बाहेर उघडणारी खिडकी पूर्ण उघड, डासांची जाळीसुद्धा सरकव, पडदा एका बाजूला घे. खोलीतला दिवा मालव आणि गॅलरीतलाही मालव, नाहीतर त्या दिव्यावरचे किडे तिला तिथेच अडकवून ठेवतील. तुला भीती वाटली तर शेजारच्या खोलीतला मंद उजेड दाराच्या फटीतून येऊ दे. मग भिंतीला टेकून गप्प उभी राहा. तिला बाहेरच्या हवेची वाट सापडते. बहुतेक वेळा थोड्या वेळात ती आपली आपण निघून जाते.

ती झेप घेत तुझ्या डोक्यावरून गेली तर घाबरू नकोस. खोलीच्या मधोमध ती जरा खाली येते आणि पुन्हा वर चढते, तिच्या उडण्याची रीतच तशी. माणसावर चाल करून येते असं आपल्याला वाटतं, इतकंच. केसात अडकते आणि मग केस कापावे लागतात, हे आपल्या घरातल्या आज्या सांगायच्या. तिला मात्र अंधारातही केसाएवढी तार टाळता येते. ती तोंडातून आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखते. १९३८ साली अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांनी हा आवाज यंत्रावर पकडला. पुढे तारा ताणलेल्या खोलीत वटवाघळं सोडून, कान किंवा तोंड बंद केल्यावरच ती तारांना धडकतात हेही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिलं.

दमून ती कुठे बसली तर पडद्याच्या चुणीत, फोटोच्या मागे, खुंटीवरच्या कपड्यांत, ट्यूबलाइटच्या पट्टीआड शोध. दिवस असेल तर तिला तिथेच झोपू दे. खोली बंद ठेव आणि तिन्हीसांजेला खिडकी उघडून दिवा मालव. दिवसा बाहेर हाकलली तर कावळे तिला सोडत नाहीत. भिंतीवर बसली असेल आणि थांबायला वेळ नसेल तर तिच्यावर एक डबा हलकेच पालथा घाल, भिंत आणि डबा यांच्यामध्ये पुठ्ठा सरकव, आणि अंधार पडल्यावर तो डबा गॅलरीच्या कठड्यावर किंवा झाडाच्या बुंध्याशी उंचावर आडवा ठेव. जमिनीवर सोडू नकोस, बऱ्याच वटवाघळांना सपाट जमिनीवरून उडायला जड जातं. दूध पाजणं, फळ भरवणं असलं काही करू नकोस. पंख फाटला असेल, उठवत नसेल तर डब्याला भोकं पाडून, आत मऊ कापड घालून, वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन कर.

हे सगळं करताना एक नियम मोडायचा नाही. उघड्या हाताने तिला शिवायचं नाही. जाड हातमोजे नसतील तर टॉवेलची चौपदरी घडी घे, पण बोटं लावू नकोस. इतकी लहान पाकोळीसुद्धा जीव वाचवायला चावते आणि दातांची खूण टाचणी टोचल्याएवढीही दिसत नाही. आपल्या देशात माणसाला रेबीज होतो तो मुख्यतः कुत्र्यापासून. तरीही वटवाघळाशी आलेला थेट संबंध जागतिक आरोग्य संघटना सगळ्यात गंभीर अशा तिसऱ्या वर्गात धरते. म्हणून चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. लेक झोपलेल्या खोलीत सकाळी पाकोळी सापडली आणि काय झालं ते कळायला मार्ग नसेल, तरी डॉक्टरांना विचारायचं. ते ठरवतील. यात घाबरण्यासारखं काही नाही, आळस तेवढा करायचा नाही.

तू निपाह विषाणूचं विचारलंस. केरळात २०१८ मध्ये निपाहची साथ आली, ती फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांशी जोडली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, त्यांतल्या काहींत निपाहविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे तो विषाणू आपल्या राज्यातही वटवाघळांच्या संपर्कात आलेला आहे. हे लपवायचं कारण नाही. पण खिडकीतून आत येऊन बाहेर गेलेल्या पाकोळीमुळे घरात कोणाला निपाह होत नाही. जपायचं ते वेगळ्या गोष्टींना. झाडाखाली पडलेलं, दात लागलेलं फळ मुलीला देऊ नकोस. चिकू, पेरू, जांभूळ धुऊन, शक्य तिथे सोलून खायचं. बांगलादेशात खजुरीचा कच्चा रस पिऊन हा आजार पसरला, कारण रात्री वटवाघळं त्या मडक्यांवर येतात. आपल्याकडे ताडामाडावर मडकी लागतात, तेव्हा झाकण नसलेल्या मडक्यातली कच्ची नीरा कोणी आणून दिली तर नाही म्हण. विष्ठेला आणि मेलेल्या वटवाघळाला उघडा हात लावू नकोस.

आता सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलबद्दल. कीटकनाशक फवारून पाकोळ्या जात नाहीत. त्यांच्यातल्या काही मरतात, काही फटीत आणखी खोल जातात आणि औषध मात्र तुमच्या मुलांच्या नाकातोंडात जातं. फट शोधा आणि बुजवा, उपाय एवढाच. बोटभर जागा त्यांना पुरते. एसीच्या पाइपचं भोक, शटरची पेटी, दोन इमारतींच्या जोडाची फट, खिडकीच्या चौकटीवर निघालेलं प्लास्टर, हे सगळं पाहा. त्या कुठून जा-ये करतात हे सांगणारी खूण खालीच पडलेली असते. भिंतीशी उंदराच्या लेंड्यांसारखे काळे दाणे दिसले तर एक काडी घेऊन दाबून बघ. उंदराची लेंडी वाळली की टणक राहते. पाकोळीची चुरून भुगा होते आणि त्या भुग्यात किड्यांच्या पंखांचे आणि कवचांचे कण चमकतात. झाडायच्या आधी मास्क लाव आणि पाणी शिंपड, सुकी धूळ उडवू नकोस.

फट सापडली म्हणून त्याच दिवशी सिमेंट लावू नका. आतून बारीक चिरचिर ऐकू येत असेल तर पिल्लं आहेत, ती उडायला लागेपर्यंत थांबा. नाहीतर आई बाहेर राहते आणि पिल्लं आत मरून कुजतात. नंतर त्या भोकावर वरून आणि बाजूंनी चिकटवलेली, खालून मोकळी बारीक जाळी सोडा. बाहेर पडणारी खालून सरपटत निघते, परत येणारीला वाट सापडत नाही. काही रात्री कोणी निघत नाही अशी खात्री झाली की फट बंद करा. मासेमारीची जुनी जाळी यासाठी वापरू नका, तिच्या डोळ्यांत पंख अडकतात.

तुझ्या इमारतीत बहुतेक जण शेतकऱ्यांची मुलं आहेत, म्हणून हेही सांग. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाशी भाताचं मोठं क्षेत्र आहे. तिथे खोडकिडीने त्रास दिला तेव्हा शेतांच्या कडेने पाकोळ्यांसाठी लाकडी खोकी बसवली. त्या तिथे राहू लागल्या, किडीचे पतंग खाऊ लागल्या आणि कीड आटोक्यात आली. तुडतुडे आणि खोडकिडा ही आपल्या वाडा, विक्रमगड, पालघरच्या भाताचीही दुखणी. रात्री फुकटात राबणारी ही फौज आपण झाडूने मारायची आणि सकाळी दुकानातून औषधाची बाटली आणायची, हे मला पटत नाही.

आणि ती मोठी वटवाघळं. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या वाड्यांतल्या बागायतदारांचा त्यांच्यावर राग आहे. तो राग खोटा नाही, वर्षभर जपलेलं फळ खाली चघळून पडलेलं पाहवत नाही. पण चिकू आपण झाडावर पिकवत नाही. तयार झाला की कच्चाच उतरवून पिकत घालतो. वेळेवर तोडणी झाली तर वटवाघळाच्या वाट्याला राहून गेलेलं फळच जास्त येतं. हीच वटवाघळं रात्रीत लांबवर जातात, मोहाची फळं खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. जव्हार-मोखाड्यापासून तलासरीपर्यंत मोहाच्या झाडावर किती घरांचा उन्हाळा निघतो, हे तुला मी सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या फळखाऊ वटवाघळांना उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून हा बदल लागू झाला. कायद्याला पन्नास वर्षं लागली, आपल्याला एवढी लागू नयेत.

कोरोनात वटवाघळांचं नाव बदनाम झालं तेव्हा, एप्रिल २०२० मध्ये, दक्षिण आशियातल्या वटवाघूळ अभ्यासकांनी एकत्र पत्रक काढून सांगितलं होतं की त्यांना मारून, त्यांची झाडं तोडून साथ थांबत नाही. घाबरवलेला, जागा हिरावलेला प्राणी माणसाच्या आणखी जवळ येतो. आपल्या किनाऱ्यावरच्या वाड्या प्लॉट होऊन विकल्या जात आहेत, वड आणि उंबर रस्ता रुंदीकरणात जात आहेत. मग ती जातील कुठे? तुमच्या शटरच्या पेटीतच येणार.

तर तुमच्या मीटिंगमध्ये एवढंच ठरवा. फवारणी करायची नाही, फटी योग्य वेळी बुजवायच्या, गॅलरीतले दिवे रात्री विनाकारण जळत ठेवायचे नाहीत, आणि संक्रांतीनंतर कंपाउंडच्या झाडांवर लटकलेला मांजा काढून टाकायचा. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी दर जानेवारीत आपल्या पट्ट्यात पक्ष्यांबरोबर वटवाघळांचेही पंख त्यात कापले जातात. आणि तुझ्या लेकीला आत्तापासून शिकव: हात लावायचा नाही, मारायचं नाही, पंखा बंद करायचा, खिडकी उघडायची. एवढं शिकली तर तिच्या घरात पुढे कोणी झाडू उचलणार नाही.

जावईबापूंना आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार, लेकीला गोड पापा. दिवाळीला या.

तुझी,
मावशी