नातेवाईक नसलेले दोन प्रतिष्ठित इसम

नोकरीच्या अर्जातला सर्वांत अवघड रकाना कोणता? नाव, वय, शिक्षण हे रकाने माणूस डोळे मिटून भरतो. अवघड असतो तो शेवटचा : 'उमेदवारास चांगले ओळखणाऱ्या, परंतु नातेवाईक नसलेल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावे व पत्ते.' हा रकाना ज्याने पहिल्यांदा छापला तो गृहस्थ नांदेड-लातूरकडे कधी फिरकला नसावा. आमच्याकडे प्रतिष्ठित माणसे पुष्कळ. चांगले ओळखणारी तर गल्लोगल्ली. पण नातेवाईक नसलेला माणूस हुडकायचा म्हणजे देगलूरच्या पुढे तेलंगणात उतरावे लागते, आणि तिथेही कोणाचे तरी पाहुणे निघतातच.

मी हा रकाना भरायला बसलो २००८ साली. एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकुनाच्या जागा निघाल्या होत्या. बी.कॉम. होऊन मला तीन वर्षे झाली होती, वडील येत्या मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होणार होते आणि घरात बहिणीच्या लग्नाचे बोलणे सुरू झाले होते. रकाना कोरा ठेवण्याची चैन परवडणारी नव्हती.

पहिल्या नावासाठी नांदेडातल्या एका निवृत्त प्राचार्यांकडे गेलो. सरांनी अर्ज दोनदा वाचला, पेनचे टोपण काढले आणि सहज विचारले, "आजोळ कुठलं रे?"

"औसा, सर."

"औशात कोणाकडचा?"

मी सांगितले. सरांनी टोपण परत लावले. "अहो, ऐकलंत का," त्यांनी आत हाक मारली, "हा आपल्या सूनबाईच्या मावसभावाचा भाचा निघाला की!" आतून पोहे आले, चहा आला, औशातल्या तीन पिढ्यांची खुशाली झाली. निघताना सरांनी अर्ज माझ्या हातात ठेवला. "आता मला नाव देता येत नाही. नातेवाईक नसावा असं स्पष्ट लिहिलंय." इतका प्रतिष्ठित माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्यानंतर मी आजोळ सांगणे सोडून दिले. दुसरे गृहस्थ आमचे डॉक्टर. त्यांना नियमांचे फारसे पडलेले नव्हते. त्यांनी दोन तपासण्यांच्या मध्ये 'मी यांस बालपणापासून ओळखतो, हे सुस्वभावी व होतकरू आहेत' असे झरझर लिहून दिले आणि मग विचारले, "नाव काय म्हणालास?" पुढे कळले, कंपाउंडरच्या ड्रॉवरमध्ये हाच मजकूर लिहून तयार असे. नाव तेवढे भरायचे.

एवढ्यात ही बातमी लातूरला मामांना लागली. मामा आडत दुकानात मुनीम. गंजगोलाईपासून मार्केट यार्डापर्यंत त्यांना ओळखत नाही असा हमाल नव्हता. जाहिरातीत छापले होते की, उमेदवाराने वशिला लावल्यास तो अपात्र ठरेल. मामांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि म्हणाले, "हे बाकीच्यांसाठी असतंय रे. कामून घाबरायलास?"

मामांचा हा आत्मविश्वास अगदीच हवेतला नव्हता. आमच्या शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले आहेत. नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि अशोकराव चव्हाण हे बापलेक, लातूर जिल्ह्यातले शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. त्यामुळे इकडचा कोणताही माणूस मुख्यमंत्र्यांपासून फार तर तीन माणसांच्या अंतरावर असतो, म्हणजे निदान तसे सांगतो. शंकरराव तर 'हेडमास्तर' म्हणून प्रसिद्ध. त्यांच्यासमोर वशिल्याचा शब्द काढायची छाती किती जणांना झाली असेल, देव जाणे. पण चहाच्या टपरीवर 'साहेब आपलेच' म्हणायला छाती लागत नाही. आता बँक केंद्र सरकारची आणि मुख्यमंत्री राज्याचे, हा मुद्दा मी मांडून पाहिला. मामांनी तो तांत्रिक म्हणून निकालात काढला.

नोव्हेंबरात मामांनी त्यांच्या एका 'आपल्या माणसा'कडून चिठ्ठी आणली. चिठ्ठी मुंबईतल्या कोणा गृहस्थांच्या नावे होती. मजकूर एवढाच : 'पत्रवाहक आपला माणूस आहे. योग्य ते करावे.' वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून सांगतो, याच्याइतका सुरक्षित दस्तऐवज मी पाहिलेला नाही. लिहिणाऱ्यावर जबाबदारी नाही, घेणाऱ्यावर बंधन नाही आणि नेणाऱ्याला वाटते, काम झाले. धनादेश वटला नाही तर निदान परत तरी येतो.

मी पत्र घेऊन निघण्याआधीच २६ नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला झाला. त्यानंतर विलासरावांनी राजीनामा दिला आणि ८ डिसेंबरला अशोकराव मुख्यमंत्री झाले. पद लातूरहून नांदेडला गेले. हे पूर्वीही एकदा झाले होते. १९८६ साली निलंगेकरांच्या जागी शंकरराव आले होते. आमच्या चिठ्ठीचे मात्र मुसळ केरात गेले. मामा एक दिवस गप्प होते. दुसऱ्या दिवशी अहमदपूर-लोह्यामार्गे एस.टी.ने नांदेडला आले आणि पायातल्या चपला काढायच्या आत म्हणाले, "आता तर तुझंच गाव! इथलं कोण हाय आपलं?"

वडील पेपर वाचत होते. त्यांनी वर न बघता विचारले, "लेखीत मार्क किती पडतील रे?" मी आकडा सांगितला. "मग मामांना चहा कर," ते म्हणाले.

जानेवारीत औरंगाबादला मुलाखत झाली. टेबलापलीकडे तीन साहेब, माझ्या खिशात लातूरची चिठ्ठी. मामांच्या समाधानासाठी नेली होती, बाहेर काही काढली नाही. त्यांनी रेखांकित धनादेश विचारला, घसारा विचारला, आणि शेवटी एकाने अर्ज उलटून विचारले, "हे डॉक्टर तुम्हाला कसे ओळखतात?" मी म्हणालो, "गोवरापासून." तिघेही हसले. नोकरी लागली.

पेढे मामांनी वाटले. सगळ्या औशात झाले की, भाच्याला मामांनी चिकटवला. तीन वर्षांची पहाटेची गणिते, वडिलांनी रोज रात्री पाठ करून घेतलेली इंग्रजी, सगळे त्या चिठ्ठीच्या खात्यावर जमा झाले. मी एकदा दुरुस्तीची नोंद करायला तोंड उघडले होते. पण पारावर मामांभोवती चार पोरे अर्ज घेऊन बसली होती आणि आडतीवर उभा जन्म दुसऱ्यांचे हिशेब लिहिलेला माणूस पहिल्यांदाच कोणाचा तरी साहेब दिसत होता. मी तोंडात पेढा घातला.

पुढे मामांचा धंदा बसला. २०११पासून बहुतेक सरकारी बँकांची कारकुनाची परीक्षा आयबीपीएस एकत्र घेऊ लागली. १ जानेवारी २०१६पासून केंद्र सरकारने खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या, पाठोपाठ बँकेतल्या कारकुनांचीही मुलाखत गेली. "त्या कॉम्प्युटरचे पाहुणे कोण?" मामांनी फार गांभीर्याने विचारले होते. आता पुण्याच्या कंपन्यांत कामाला असलेला आपला माणूस तुमचे नाव आत देतो, त्याला रेफरल म्हणतात, आणि पुष्कळ ठिकाणी नाव देणाऱ्याला वर बक्षीस मिळते, हे ऐकल्यापासून मामांना आपण चुकीच्या काळात जन्मलो असे वाटते. मी त्यांना अमेरिकेतल्या मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या प्राध्यापकाचे सांगितले. त्याने १९७३ साली छापले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांत वारंवार भेटणाऱ्याकडून ती मिळालेले शंभरात सतराच. बाकीच्यांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्याने मिळवून दिली. जवळच्याला तेच माहीत असते जे आपल्याला असते. मामा म्हणाले, "हे त्याला कळायला कॉलेज लागलं?"

हल्ली मी लातूरच्या शाखेत आहे, आणि आता मीच प्रतिष्ठित आहे. शाखेसमोरच्या चहावाल्याच्या मुलाने बी.कॉम. करून पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला आणि रकान्यात माझे नाव घातले. त्याचे आजोळ मी मुद्दाम विचारले नाही. परवा कंपनीतून एका मुलीचा फोन आला.

"सर, तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?"

"सहा."

"कोणत्या संदर्भात?"

"उधारीच्या."

पलीकडे शांतता. मग मी नीट सांगितले. आमच्या शाखेत अकरा माणसे, सगळी रोज पैसे मोजणारी, आणि चहाचे महिनाअखेरचे खाते या पोराकडे. सहा वर्षांत वाद अनेकदा झाला आणि दर वेळी चूक आमची निघाली. "त्यांच्यातली एखादी उणीव?" तिने विचारले. मी म्हणालो, साहेब लोकांकडे थकलेले पैसे मागताना त्याचा आवाज बसतो. तुमच्याकडे वसुलीचे काम असेल तर आधी शिकवा. तिने सगळे टाइप करून घेतले.

संध्याकाळी त्याचे वडील दुकान बंद करून आत आले. "साहेब, चिठ्ठी देणार होता ना?"

"फोनवर सगळं सांगितलंय, मामा."

त्यांचा चेहरा उतरला. "ते हाय हो. पर चिठ्ठी बी द्या की एक. असू द्या लेकराच्या खिशात."

मी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला आणि लिहिले, 'पत्रवाहक आपला माणूस आहे. योग्य ते करावे.'