आमचें बिऱ्हाड बदललें

वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं पालकांपैकीं कोणीं तरी कांहीं लिहावें, अशी संपादक-शिक्षकांची इच्छा आमच्या थोरल्या कन्येनें घरीं येऊन सांगितली. आणि "बाबा लिहितील" असें वचनहि ती आमच्या वतीनें देऊन आली होती. आम्ही ह्याच शाळेचे जुने विद्यार्थी. त्या काळीं निबंधाच्या वहींत आम्हांस लाल शाईच अधिक मिळत असे. तरी नकार देतां येईना. विषय कोणता घ्यावा असें विचारतां ती म्हणाली, "आपल्या घरांत वर्षभर झालें तें लिहा कीं." मग थोडें थांबून म्हणाली, "सगळें लिहा." ह्या 'सगळें' शब्दावर तिनें जोर कां दिला, तें वाचकांस पुढें कळेल.

आमचें जुनें घर सांगलीस गांवभागांत, कृष्णेच्या कांठापासून हांकेच्या अंतरावर होतें. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागें परसू, एवढाच त्याचा विस्तार. पण चार पिढ्या त्यांत नांदल्या. २००५ सालच्या पुराचें पाणी आमच्या पायरीवरून परत गेलें होतें, त्यामुळें त्यास आम्हीं अपवाद समजून सोडून दिलें. २०१९ च्या ऑगस्टांत मात्र नदीनें जें रूप धारण केलें तें सांगलीकरांस सांगावयास नको. आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षीं पाणी ५७ फुटांच्याहि वर गेलें, आणि आमच्या माजघरांत कोनाड्यापर्यंत चढलें. पाणी ओसरल्यावर आम्हीं घर धुतलें, गाद्या टाकल्या, पुस्तकें उन्हांत पसरलीं व तीं उन्हांतच विटलीं. २०२१ च्या जुलैंत पाणी पुन्हां गुडघाभर आलें, तेव्हां अपवाद हा शब्दच आमच्या कोशांतून गेला.

घर विकून उंचावर जावयाचें, हें ठरविण्यास व जुळविण्यास तीन वर्षें लागलीं. पुराचें पाणी पाहिलेल्या घरास कोण किंमत देणार? जें कांहीं आलें त्यांत भविष्यनिर्वाह निधींतील रक्कम, मुलांच्या आईच्या पाटल्या व बँकेचें वीस वर्षांचें कर्ज मिळविलें, आणि विश्रामबागेपुढें वान्लेसवाडीच्या बाजूस तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला. आमच्या मातुःश्रींस जागा पसंत पडली, पण ठिकाण पडलें नाहीं. मिरजेस १८९४ सालीं रुग्णालय उभारणारे डॉक्टर विल्यम वान्लेस यांचें नांव त्या वाडीस आहे, आणि एके काळीं तेथें क्षयरोग्यांचें आरोग्यधाम होतें. मातुःश्रींच्या लहानपणीं त्या बाजूनें जातांना बायका नाकास पदर लावीत, असें त्या सांगतात. "साऱ्या सांगलींत तुला क्षयाच्याच वाडीजवळ जागा मिळाली काय रे?" असें त्यांनीं आम्हांस एकदां नव्हे, चारदां विचारलें. आम्ही हंसलों. तो क्षय त्या वेळीं आमच्याच माजघरांत बसून खोकत होता, हें आम्हांस कोठें ठाऊक होतें?

२०२४ च्या दसऱ्यास आम्ही नव्या जागेंत आलों. चार पिढ्यांचा संसार मालमोटारीच्या दोन फेऱ्यांत मावला. पुरांनीं तो आधींच पुष्कळ हलका केला होता. चार वर्षांच्या धाकट्यानें त्या दिवशीं लिफ्टनें अकरा वेळां प्रवास केला व घर आपणांस फार आवडलें असें जाहीर केलें. मातुःश्रींनीं दारांत येतांच पहिला प्रश्न केला, "उंबरा कोठें आहे?" आम्हीं पायाखालची संगमरवरी पट्टी दाखविली. त्या म्हणाल्या, "हा उंबरा नव्हे, ही रेघ आहे," आणि ती रेघ जपून ओलांडून आंत आल्या. पूर्वेच्या खोलींत सकाळीं उन्हाचा मोठा चौकोन पडे. जुन्या घरांत ऊन पाहावयाचें तर परसांत जावें लागे.

मुलांची आई श्रावणापासून खोकत होती. जुन्या घरच्या भिंतींस लोणा लागलेला, कपाटांतील कपड्यांस बुरशीचा वास. तेव्हां खोकला ओलीचा, असें तिनें ठरविलें, व आम्हींहि सोयीचें म्हणून तें मान्य केलें. औषधांच्या दुकानांतून एकामागून एक तीन बाटल्या आणल्या. संध्याकाळीं अंग कोमट लागे, तें बांधाबांधीच्या श्रमानें. पोलकीं सैल झालीं, तर शिंप्याचें माप चुकलें. प्रत्येक लक्षणास आमच्यापाशीं एकेक कारण तयार होतें. आणि त्या सर्व कारणांमागें खरें कारण हें होतें कीं, कर्जाचा पहिला हप्ता नोव्हेंबरांत द्यावयाचा होता व हातांत शिल्लक कांहीं नव्हतें. तिनें तें बोलून दाखविलें नाहीं. आम्हीं विचारलें नाहीं. कोरड्या, उन्हाच्या घरांतहि खोकला जाईना, तेव्हां ओलीचा आधार सुटला. तरी आम्हीं 'दिवाळी होऊं द्या' म्हणून आणखी पंधरा दिवस काढले.

चकल्या चालल्या होत्या त्या रात्रीं थोरली आमच्यापाशीं आली आणि हलक्या आवाजांत म्हणाली, "बाबा, आईच्या थुंकींत रक्त आहे. तिनें तुम्हांला सांगूं नको म्हटलें आहे." बारा वर्षांच्या मुलीनें आईची आज्ञा मोडून आम्हांस हें सांगितलें, तें बरें झालें. त्या घरांतील दोघां मोठ्या माणसांहून तिला अधिक कळत होतें.

सरकारी रुग्णालयांत थुंकी तपासण्यास दिली. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी, असें तेथील भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलें होतें. आम्हीं बारा आठवडे घालविले होते. आतां ह्या परीक्षेस यंत्र आहे. त्यांतून दोनेक तासांत जंतु आहे कीं नाहीं हें कळतें, व नेहमींच्या मुख्य औषधास तो दाद देईल कीं नाहीं हेंहि कळतें. तो होता, आणि दाद देणारा होता. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने. एकहि दिवस चुकवायचा नाहीं." मुलांच्या आईनें पहिला प्रश्न विचारला, "मुलांना?" बाहेर बाकावर येऊन बसल्यावर दुसरा विचारला, "आणि हप्ता?" औषध विनामूल्य होतें. पोषणासाठीं रोग्यास २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, त्याचे त्याच नोव्हेंबरांत १००० झाले होते. हें ऐकल्यावर ती रडली. रोगाचें नांव ऐकतांना ती रडली नव्हती.

त्या रात्रीं थोरलीनें विचारलें, "आई बरी होईल ना?" आम्हांस धड उत्तर देतां येईना, म्हणून आम्हीं तिच्याबरोबर वाचावयास बसलों, व जें वाचलें तें विद्यार्थी मित्रांसाठीं येथें थोडक्यांत देतों. १८८२ च्या मार्चच्या २४ तारखेस बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांनीं ह्या रोगाचा जंतु सांपडल्याचें विद्वानांपुढें सांगितलें. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकीची पदवी घेऊन परत आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास ह्याच रोगानें गेल्या. त्या वेळीं त्यांस बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. जंतु ठाऊक होऊन पांच वर्षें लोटलीं होतीं, पण त्यास मारणारें औषध नव्हतें. तें पहिलें औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ सालीं सांपडलें. थोरली बोटांवर मोजून म्हणाली, "म्हणजे एकसष्ट वर्षें. आणि आपली आई त्यानंतरची." एवढें बोलून ती झोंपावयास गेली. आम्हांस मात्र बराच वेळ झोंप आली नाहीं.

औषधाचा क्रम साधा आहे. पहिले दोन महिने चार औषधें, पुढील चार महिने तीन. तीं एकाच गोळींत मिसळलेलीं असतात. एका औषधानें लघवी नारिंगी होते, हें आधींच सांगितलें होतें म्हणून बरें. नाहीं तर आम्ही पुन्हां रुग्णालयांत धांवलों असतों. घरांतील सर्वांची तपासणी झाली. कोणासहि रोग निघाला नाहीं, व प्रतिबंधाच्या गोळ्या सर्वांस सुरू झाल्या. धाकटा आपलें औषध लिफ्टच्या एका फेरीच्या बोलीवर घेई. हा जंतु ओलींतून उपजत नाहीं, ताट-वाटींतूनहि लागत नाहीं. तो खोकल्याबरोबर हवेंत उडतो, आणि कोंदट खोलींत एकत्र निजणाऱ्यांस गांठतो. पावसाळाभर खिडक्या लावून आम्ही पांचहि जण माजघरांत निजत होतों. पूर्वेची खोली आतां मुलांच्या आईस दिली, तिच्या खिडक्या दिवसरात्र उघड्या ठेविल्या. औषध नियमानें चाललें म्हणजे बहुतेक रोग्यांपासून इतरांस असलेला धोका थोड्याच आठवड्यांत नाहींसा होतो, असें आरोग्यसेविकेनें येऊन समजाविलें.

तरी मातुःश्रींनीं ताट-वाटी वेगळी मांडली. लग्नांतलें, नांव व तारीख घातलेलें तें ताट; इतर ताटांपासून दूर, खिडकीच्या कडेवर. आरोग्यसेविकेनें पुन्हां सांगितलें. मातुःश्रींनीं मान डोलविली व ताट तेथेंच राहिलें. त्यांच्या सख्ख्या मावशी ह्या रोगानें गेल्या होत्या, त्यांच्यापुढें वादविवाद काय करावा? मुलांच्या आईनें मुकाट्यानें त्या ताटांत जेवावें, मुकाट्यानें तें घांसून ठेवावें. आम्हीं तें पाहिलें व कांहीं बोललों नाहीं.

मातुःश्रींचें ताट दिसे तरी. आमचें करणें तर कोणास दिसलेंहि नाहीं. शेजार नवा होता. समोरच्या बाई मनमिळाऊ, दोनदां भाजी पाठविलेली. आम्हीं थोरलीस बाजूस घेऊन सांगितलें, "कोणी विचारलें तर आईला दमा आहे असें सांग." ती म्हणाली, "दमा म्हणजे काय होतें, तें विचारलें तर?" आम्हीं तिला दमा शिकविला. खोटें बोलूं नये हें जिला आम्हींच शिकविलें, तिला आम्हीं लक्षणांसह दुसरा रोग पाठ करविला.

चार महिने तिनें तो पाठ म्हटला. मार्चांत, २४ तारखेच्या निमित्तानें, वर्गांत क्षयरोगावर निबंध लिहावयास सांगितला. रात्रीं तिनें वही तपासण्यास आमच्यापुढें ठेविली. पहिलेंच वाक्य होतें: 'माझ्या आईला क्षय झाला आहे, दमा नाहीं.' आम्हीं पेन घेतलें आणि तें वाक्य खोडलें.

तिनें विचारलें, "व्याकरण चुकलें का?"

"नाहीं."

"मग?"

आम्हांस उत्तर सुचण्यापूर्वींच आंतल्या खोलींतून आवाज आला, "राहूं द्या तें वाक्य. रोग माझा आहे. तुम्ही कां लाजतां?"

खोडलेल्या ओळीच्या वर आम्हीं तें वाक्य स्वतःच्या हातानें पुन्हां लिहिलें. आमच्या अक्षरांतलें तें वाक्य त्या वहींत अद्याप आहे. स्वयंपाकघरांत भांड्यांचा आवाज झाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों खिडकीच्या कडेवरचें ताट इतर ताटांत गेलें होतें. कोणीं ठेविलें, हें कोणीं विचारलें नाहीं.

निबंध वर्गांत वाचला गेला. एका मुलीनें दोन दिवस डबा निराळा बसून खाल्ला व तिसऱ्या दिवशीं लिंबाच्या लोणच्यासाठीं परत आली. मोठ्यांचें इतकें लवकर जमत नाहीं. खालच्या मजल्यावरील एक मूल आमच्या धाकट्याबरोबर खेळावयास येत असे, तें यावयाचें थांबलें, तें अद्याप आलेलें नाहीं. समोरच्या बाई चार दिवस दार लावून होत्या. पांचव्या दिवशीं त्या आल्या, त्या रेघेच्या बाहेरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या भाऊजींना झाला होता. आम्ही सगळ्यांना निमोनिया सांगितला." मग त्या आंत आल्या, आणि दोघी बायका पूर्वेच्या खोलींत पुष्कळ वेळ बोलत बसल्या. काय बोलल्या तें आम्हांस ठाऊक नाहीं.

असो. २०२५ च्या मे महिन्यांत शेवटची गोळी झाली. थुंकी निर्मळ निघाली, वजन सहा किलोंनीं वाढलें, पोलकीं शिंप्याकडे न जातां पुन्हां बरोबर बसूं लागलीं. एकहि हप्ता चुकला नाहीं, हें बँकेहून अधिक अभिमानानें मुलांची आईच सांगते. पाटल्या नाहींत, त्यांची आठवण काढलेली तिला आवडत नाहीं.

पुढें पावसाळा लागला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहों, तरी मातुःश्री रोज सकाळीं "पुलाला किती झालें?" असें विचारीत, व फूट सांगितल्यावांचून चहा घेत नसत. जुलैंतील एका रात्रीं बाहेर संततधार लागली असतां स्वयंपाकघरांतून खोकल्याचा आवाज आला. एकदां, मग पुन्हां. आम्ही उठून बसलों. पलीकडच्या खोलींत मातुःश्रींच्या खाटेची करकर ऐकूं आली. थोरली तर दारांत येऊन उभीहि राहिली होती. दिवा लागला. मुलांची आई हातांत तांब्या घेऊन आमच्याकडे पाहत होती.

"पाणी पितांना ठसका लागला," ती म्हणाली. "निजा सगळे."